खोल बाजू

तलाव हवा होता ल्वाझीला. अकरा वर्षांच्या पोराने एखादी गोष्ट मनात घेतली की घरात दुसरा विषय उरत नाही. डरबनजवळच्या तोती गावातल्या त्या उताराच्या रस्त्यावर नऊ घरांच्या परसात पोहायचे तलाव होते आणि दहावं घर आपलं कोरडं, हे त्याने बापाला बोटांवर मोजून दाखवलं होतं. बाप, बोंगुमुसा च्येले, डरबनमधल्या उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. दोर, ब्रेक, दारं, सगळं दोनदा बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, असा खाक्या. घरातही तोच. पोराला त्याने दोन वर्षं टोलवलं आणि तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात हो म्हटलं.

कंत्राटदार पेरुमल डरबनच्या चॅट्सवर्थ भागातला होता. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही, पण कामाला चोख.

"च्येलेसाहेब, तुमचा धंदा वर जायचा, माझा खाली," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "आपली गाठ मधल्या मजल्यावरच पडायची."

आठ दिवसांत परसात खड्डा तयार झाला. एका टोकाला कमरेइतका, दुसऱ्या टोकाला चांगला पुरुषभर खोल. तिकडची तांबडी वाळू पाऊस लागला की घसरते. त्यातच शाळांना सुट्टी लागली. थांदाझिलेने, बोंगुमुसाच्या बायकोने, हट्टच धरला की पोरांना या उघड्या खड्ड्याजवळ ठेवायचं नाही. धाकट्या झेखेला खोकला होता म्हणून ती घरी राहिली. ल्वाझीला उमखोमाझी नदीच्या खोऱ्यात आजीकडे पाठवलं.

पाचव्या दिवशी तो नदीत बुडाला. त्याला पोहता येत नव्हतं. खड्ड्यात पडू नये म्हणून ज्याला दूर पाठवला, तो नदीने नेला, आणि आईबापांनी कोणाला बोल लावायचा ते त्यांनाच कळेना.

त्यांच्या रिवाजात माणूस घराबाहेर मेला तर त्याला घरी आणावं लागतं. शरीर नव्हे, ते शवागाराची गाडी आणते. दुसरं जे उरतं, ते. त्यासाठी राखलेल्या काटेरी झाडाची फांदी घेऊन जिथे मृत्यू झाला तिथे जायचं, नाव घेऊन बोलवायचं आणि फांदी उराशी धरून घरी यायचं. वाटेत इतर कोणाशी बोलायचं नाही. बोलायचं ते त्याच्याशीच. आता गाडीत बसतोय, आता वळतोय. आणि नदी आली की सांगायचंच. न सांगता पाणी ओलांडलं, तर तो तिथेच राहतो.

बोंगुमुसाचा यावर फारसा विश्वास नव्हता. पण फांदी हातात आली आणि शब्द आपोआप सुटले. हेझेकाया काका, त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ, गाडी चालवत होते. मागच्या सीटवर बसून तो झोपेला आलेल्या मुलाशी बोलावं तसं बोलत होता. "हे आजीचं फाटक, बाळा. हे दुकान. आता उतार लागला."

खिशात फोन थरथरत होता. पेरुमल. सातव्यांदा. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बांधकामवाल्यांची वर्षअखेरची सुट्टी होती, तीन आठवड्यांची. काँक्रीटची गाडी दारात उभी होती. आज खड्ड्याच्या भिंतींवर काँक्रीटचा फवारा मारला नाही तर पावसात खड्डा ढासळणार, कदाचित घराची मागची भिंतही. पेरुमलला पोराचं काहीच माहीत नव्हतं. आठव्यांदा फोन आला तेव्हा बोंगुमुसाने तो उचलला.

"हो," तो म्हणाला. "मारा. ठरल्याप्रमाणे करा."

फोन ठेवला तेव्हा उमखोमाझीच्या पुलाचे शेवटचे कठडे मागे पडत होते.

आरशात काकांचे डोळे दिसले आणि लगेच रस्त्याकडे वळले. घरी थांदाझिलेने दारातच विचारलं, "आला?" बोंगुमुसा म्हणाला, "आला." पुढे कितीतरी दिवस त्याला तो एक शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत राहिला.

जानेवारीत पेरुमल आला तो टोपी हातात धरून. ल्वाझीचं त्याला आता कळलं होतं.

"बुजवून टाकू का, साहेब? काही घेणार नाही मी त्याचं."

"नाही," बोंगुमुसा म्हणाला. "पुरं करा. माझी मुलगी पोहायला शिकणार."

थांदाझिले त्या बाजूची खिडकीसुद्धा उघडत नव्हती. पण त्याने तिला स्पष्ट सांगितलं, "एक गेलं. दुसरं पाण्याने जाणार नाही. एवढं तरी मला करू दे." रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. झेखे सात वर्षांची होती. तिला पोहता आलं पाहिजे.

तलाव भरायच्या आठवड्यात गावाच्या नळांना करंगळीएवढी धार होती. पेरुमलने टँकर मागवले. पाणी चहासारखं तपकिरी निघालं.

"कुठलं आणता?" बोंगुमुसाने टँकरवाल्याला विचारलं.

"उमखोमाझीचं. पुलाखाली गाडी उतरवायला चांगली जागा आहे." त्याने नळी झटकली. "काळजी करू नका. औषध टाकलं की चार दिवसांत आरसा."

पाचही टँकर रिकामे होईपर्यंत बोंगुमुसा काठावर उभा राहिला.

चार दिवसांत उथळ बाजू खरोखरच स्वच्छ झाली. पायऱ्यांच्या फरश्या मोजता येत होत्या. खोल बाजूचं पाणी मात्र गढूळच राहिलं. पेरुमलने दोनदा औषध बदललं, गाळणी उघडून धुतली, डोकं खाजवलं. तळावरून चाटत फिरणारं साफसफाईचं यंत्र सगळीकडे जायचं. खोल बाजूच्या डाव्या कोपऱ्यापाशी आलं की हातभर अलीकडे थांबायचं आणि मागे फिरायचं. बोंगुमुसाने लांब काठी घालून तो कोपरा चाचपला. अडथळा नव्हता. काठीचं टोक मऊ गाळात गेलं आणि बाहेर आलं तेव्हा हाताला बर्फासारखं गार लागलं.

पोहणं शिकवायला एक बाई येणार होत्या, फेब्रुवारीत. तोवर झेखेने त्याच्यासोबत फक्त पायरीवर बसायचं, एरवी तलावावर जाळी, अशी त्याची शिस्त होती. एका बुधवारी तो लवकर घरी आला. जाळी बाजूला होती. झेखे उथळ बाजूकडून खोल बाजूकडे निघाली होती, संथ, पाणी न उडवता, तोंड नेमकं हव्या त्या वेळी बाहेर काढत.

तो बूट घालूनच पायरीवर उतरला आणि तिला हाताला धरून बाहेर ओढलं.

"कोणी शिकवलं?"

"दादाने."

"झेखे. दादाला पोहता येत नव्हतं."

"तेव्हा नव्हतं येत," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे. "आता येतं."

त्याने तिला टॉवेलात गुंडाळलं. असं होतं म्हणतात, मुलं भावंडाला मनानेच जिवंत ठेवतात. शाळेच्या बाईंशी बोलावं, असा विचार त्याच्या डोक्यात चालला होता. तेवढ्यात ती पुढे बोलली.

"बाबा, दादा विचारतोय, तुम्ही मधेच गप्प का झालात?"

"कुठे?"

"पुलावर. तो म्हणतो, तुम्ही सगळं सांगत होतात. फाटक, दुकान, उतार. मग बोललाच नाहीत. म्हणून तो थांबला."

बोंगुमुसा काठावर बसला. काकांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. फोन, पूल, दारातलं ते खोटं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आणि तू मला सांगितलंस आला म्हणून."

"उद्या पंप लावतो," तो म्हणाला. "सगळं उपसून टाकतो."

"उपसून कुठे ओतणार आहेस त्याला, ल्वाझीच्या बाबा? गटारात?"

पंप लागलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून थांदाझिले काठावर खुर्ची टाकून बसायला लागली. दीड महिन्यांनी ती पोटभर जेवली. तो कामावर असताना जाळी तीच काढायची, हे त्याला कळलं ते पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सुट्टी काढून घरी राहिला तेव्हा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत होती, पुढे वाकलेली, लेकीशी हळू आवाजात बोलणारी.

"विचार त्याला, भूक लागते का. जा, राणी. विचारून ये."

झेखे पाण्याखाली गेली. बोंगुमुसा सवयीने मोजू लागला. लिफ्टच्या दारांची उघडझाप मोजून मोजून त्याचे आकडे घड्याळासारखे पडत. चाळीसला ती वर आली.

"नाही लागत म्हणतो. थंडी वाजते."

"आणखी काय म्हणतो? जा."

या वेळी सत्तर झाले. तिसऱ्या वेळी एकशे दहा. वर आली तेव्हा तिला धापही लागली नव्हती. ती आईकडे बघत होती, पण ओळख पटायला एखादा क्षण जावा तशी.

तो धावत बाहेर आला. "बस झालं. पोर मरेल माझी."

"मी विसरलेच होते वर यायचं," झेखे म्हणाली. जसं काही वही शाळेत विसरली असावी. "दादा म्हणतो, एकट्याला नको वाटतं."

थांदाझिलेचा चेहरा तेव्हा कुठे उतरला. तिने मुलीला छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "काहीतरी कर," ती म्हणाली. "दोघांचंही."

हेझेकाया काकांनी फोनवर फार प्रश्न विचारले नाहीत.

"जिथे आहे तिथूनच उचल," ते म्हणाले. "पाण्यापासून घरापर्यंत. थोडंच अंतर आहे, पण तेवढंच नीट चाल. आणि या वेळी ऐक माझं. मागून कोणीही हाक मारली, अगदी ओळखीच्या आवाजात, तरी ओ द्यायची नाही."

शनिवारी दुपारी थांदाझिले झेखेला घेऊन उम्लाझीला बहिणीकडे गेली. त्यानेच पाठवलं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यात उभा होता. मग फाटकाची कडी लावली, जाळी गुंडाळून ठेवली आणि नवी फांदी घेऊन खोल बाजूच्या डाव्या कोपऱ्यापाशी गुडघ्यावर बसला. फांदीचा शेंडा पाण्यात बुडवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. ठरवलं नव्हतं, पण रडू आलं. "मी तुला सोडून आलो. आता नाही सोडणार. ये, बाळा. बाबांकडे ये. घरी चल."

हे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. शेजारच्या घरातली कुत्री भुंकायची थांबली. बऱ्याच वेळाने फांदी जड झाली. ओली झाली म्हणून असेल. तो उठला आणि तलावाकडे पाठ करून चालू लागला.

"आता गवत आहे. आता फरशी. सांभाळ, ओली आहे."

"बाबा."

झेखेचा आवाज. तलावाकडून.

झेखे उम्लाझीला होती. त्याने स्वतः गाडी जाताना बघितली होती. तो थांबला नाही.

"आता पायरी आहे, बाळा. एक. दोन."

"बाबा, इकडे."

पाण्याचा आवाज झाला, लहानसा. ओठांवर आलेली ओ त्याने दाताखाली दाबली आणि फांदी इतकी घट्ट धरली की काटे तळहातात रुतले.

"आता दार. आता स्वयंपाकघर."

तिसरी हाक अर्धीच आली. मग काही नाही.

मागच्या खोलीत, जिथे घरातल्या मेलेल्या माणसांशी बोलायचं, त्या कोपऱ्यात त्याने फांदी ठेवली. शेजारी बसला. भिंतीला डोकं टेकलं. "पोचलो," तो म्हणाला. एकही पाऊल न चुकता. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा दगड हलला होता.

गाडी आल्याचा आवाज झाला. थांदाझिले आत आली ती हातात पाव आणि दूध घेऊन.

"झालं?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली. "तू इतक्यात कशी?"

"राहीच ना ती. रडून गोंधळ घातला. बाबा बोलावतायत म्हणे, ये ये करतायत. फाटकाशी उतरवलं आणि मी दुकानात गेले." ती इकडेतिकडे बघत होती. "कडी तिनेच काढली की. कुठे आहे?"

तो धावला. बाजूच्या फरशीवर बाहेर पडल्याची ओली पावलं नव्हती. तिच्या चपला काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. पाणी स्थिर होतं, गढूळ, तळ दिसत नव्हता.

बोंगुमुसाला पोहता येत नव्हतं. त्याने उडी मारली.

पाय गाळाला लागले. डोळे उघडून काही दिसेना. दोन्ही हात पसरून तो चाचपडू लागला. आधी काहीच नव्हतं.

मग उजव्या हातात एक लहान हात आला. आणि लगेच डाव्या हातात दुसरा.

दोन्हींनी त्याची बोटं धरली, रस्ता ओलांडताना धरतात तशी. दोन्ही सारखेच गार होते. त्याच्या छातीत एकालाच वर नेण्यापुरता दम उरला होता, आणि कुठला हात कोणाचा, ते त्याला कळेना.