मेजरसाहेबांची उजवी बाही

"थांब! कातर लावू नकोस!" सोनम ओरडली.

सिद्धूचा हात हवेतच राहिला. समोर सुलाआत्याचं जुनं इरकल लुगडं पसरलेलं होतं.

"काठ खाली ठेवून मायाचा घागरा बेतायचाय. तू काठच उडवला असतास!"

"मग आधी सांगायचं की! मला वाटलं जुनं लुगडं हाय, कसं बी कापलं तरी चालतंय!"

माया खो खो हसली. "ह्याच्या हातात कातर देऊच नका गं. माझा घागरा गुडघ्याच्या वर जाईल!"

सोनम सुट्टीसाठी सांगलीहून आष्ट्याजवळच्या या गावात आत्याकडे आली होती. आत्या कपडे शिवायची, सिद्धू तिचा धाकटा मुलगा, आणि माया शेजारची. जुन्या कपड्यांतून नवे कपडे करायचं वेड सोनमनं दोघांनाही लावलं होतं. सिद्धूच्या बाबांची विटकी जीन्स एव्हाना सिद्धूच्या अंगावर जॅकेट होऊन मिरवत होती.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन आत आला.

"ताई, मी भाऊसो. हे लष्करी छापाचे तीन जुने शर्ट हायत. यातला चांगला भाग घेऊन एक झकास शर्ट करा. नाटकासाठी उद्या सकाळीच पायजे. ही मापं, आणि ही छातीवर लावायची पट्टी."

पट्टीवर नाव होतं, 'जयराज'.

"करते की," आत्या म्हणाली.

"पर आतनं बी जोड दिसता कामा न्हाई हां! लोक जवळनं बघत्यात." भाऊसोनं पटकन जीभ चावली. "म्हंजी... नाटकात! आनि कुणाला सांगू नका, लोकांना एकदम स्टेजवरच दाखवायचंय."

तो गेला, पण सोनमच्या डोक्यातून तो जाईना. नाटक बघणारे लांब बसतात. मग आतला जोड कोण बघणार? आणि नाटकवाल्यांना एकच शर्ट कसा पुरतो?

"तू कशातबी काळंबेरं बघतीस!" सिद्धू म्हणाला. पण संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ शंभूराज धावत घरी आला, तेव्हा सिद्धूचाही चेहरा बदलला.

"आई! उद्या सकाळी शाळेच्या पटांगणात मेजर जयराज साहेब येणार हायत! थेट सैन्यात भरती! मूळ दाखले आनि पैसे त्यांच्याकडंच द्यायचे. नाथाजी आबांनी समदी तयारी केलीय!"

पोराच्या आनंदात आत्याच्या ध्यानात आलं नाही, पण तिघा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. जयराज!

नाथाजी आबा म्हणजे निवृत्त सुभेदार. गावात त्यांचा शब्द मोठा. मुलं धापा टाकत त्यांच्याकडे पोचली. आबांनी सगळं ऐकलं आणि हसून मिशीवरून हात फिरवला.

"आगं पोरी, एका नावाची धा माणसं असत्यात! मोबाइल बघून बघून तुमी पोरं लय संशयी झालाय. साहेबांचा पाहुणचार बिघडवू नका. जावा घरी!"

घरी शंभूदादा तर भडकलाच. "दोन वर्षं पहाटं उठून पळतोय मी! आता कुठं दार उघडलं, तर तुमी खोडा घालताय व्हय?"

सोनम विचारात पडली. आपलं चुकत असेल तर? पण आपण बरोबर असू तर दादाचे दाखले उद्या कुणाच्या हातात जातील?

आत्या डेअरीत दूध घालायला गेली होती. शिवलेला शर्ट खुंटीवर लटकत होता. आत्याचं काम उसवायचं सोनमच्या जिवावर आलं, तरी तिनं तो खाली घेतला.

"माया, दारात उभी राहा. सिद्धू, सुई ओवून दे!"

तिनं उजव्या खांद्याची पक्की टीप उसवली. खांद्याच्या आतून इरकलीच्या काठाची उरलेली पट्टी लावली आणि वरून बाही नुसत्या कच्च्या धाग्यानं टाचली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं.

"खरा मेजर असंल, तर ह्यो शर्ट त्याच्या अंगावर यायचाच न्हाई," सिद्धू हळूच म्हणाला.

"आणि आलाच, तर गावाला दिसेल!"

सकाळी भाऊसो आला. त्यानं घाईघाईत शर्ट पुढून-मागून बघितला आणि बाही धरून ओढली. पण ती डावी बाही होती!

"ह्या पोरी काय बघत्यात टकामका?" त्यानं गुरकावून विचारलं.

"शिलाई शिकतोय ना काका!" माया गोड आवाजात म्हणाली.

पटांगणात दाखल्यांच्या फायली घेऊन पोरं रांगेत उभी होती. शंभूदादा सगळ्यांत पुढे होता. कडक वर्दीतला एक उंच माणूस गाडीतून उतरला. मागे मोटारसायकलवर भाऊसो! नाथाजी आबांनी हार घातला, टाच जुळवली आणि खणखणीत सलाम ठोकला. मेजरनंही झटक्यात हात वर केला...

टर्रर्र!

उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि कोपरापर्यंत घसरली! खांद्यावर इरकलीचा लालचुटुक काठ झळकू लागला. सिद्धूला हसू आवरेना.

"आगं बया!" गर्दीतून सुलाआत्या ओरडली. "ह्यो तर माझ्या लुगड्याचा काठ! आवं आबा, ह्यो शर्ट मी शिवलाय! नाटकाचा म्हणून!"

आबांचा हात हळूहळू खाली आला.

"साहेब," त्यांनी विचारलं, "तुमची पलटण कंची?"

"ती... गुप्त बाब आहे!" मेजर अडखळला.

"आनि लष्कराचा मेजर गावातल्या शिलाई मशीनवर वर्दी शिवून घेतो, हे बी गुप्त का?"

भाऊसो मोटारसायकलकडे पळाला. पण रोज पहाटे पळणाऱ्या पोरांपुढे त्याचं काय चालणार! शंभूदादानं त्याला शाळेच्या फाटकाशीच गाठलं, आणि मेजरला बाकीच्या पोरांनी घेरलं. आष्ट्याहून पोलीस आले, तेव्हा दोघंही मान खाली घालून वडाच्या पारावर बसले होते. आणखी दोन गावांतल्या पोरांचे दाखले त्यांच्या गाडीत सापडले.

संध्याकाळी नाथाजी आबा स्वतः आत्याच्या घरी आले.

"पोरी, तू सांगाय आलीस तवा मी हसलो. वर्दी येणार म्हणलं, आनि आतला माणूस बघायचंच इसरलो. शाब्बास तुमा तिघांची!"

"माझं बी चुकलंच," आत्या म्हणाली. "कुनाचं, कशाला, काय बी न इचारता शिवून मोकळी झाले." मग तिनं सोनमचा कान हलकेच पिळला. "पर परत माझी टीप उसवलीस तर बघ!"

दिवेलागणीला शंभूदादा मशीनपाशी येऊन उभा राहिला. हातात एक जुनी पँट होती, गुडघ्यांवर विरलेली.

"सोने, हिची पळायची चड्डी हुईल का?"

"होईल की! कधी पाहिजे?"

"उद्या पहाटंला," दादा म्हणाला. पँट तिच्या हातात देत त्यानं पुढे जोडलं, "पर टीप पक्की घाल गं बाई!"