आखणीतली चाळीस मिनिटं

बोट क्लबातल्या लोकांनी त्यांचं नाव कागदीकाका ठेवलं होतं, आणि ते त्यांना शोभत होतं. क्लबातून निघणारी प्रत्येक सहल त्यांनी कागदावर आखलेली असे. कुठल्या तलावातून कुठल्या नदीत शिरायचं, बोट कुठे पाण्याबाहेर काढून ओढत न्यायची, कुठे डबा उघडायचा, सगळं. स्वतः मात्र ते एकदाही बोटीत बसले नव्हते.

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांचा. काचेखाली नकाशा, काचेवर वाटीत पाणी आणि पाण्यात एक सुती दोरा. ओला दोरा ते नदीच्या वळणांवरून हलक्या बोटांनी बसवत जात, मग उचलून पट्टीवर ताणत आणि अंतर मोजत. कोरडा दोरा वळणं चोरतो, असं त्यांचं म्हणणं. वाचनालयातल्या नोकरीत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. पण कोणी दोऱ्याऐवजी अंदाजानं अंतर सांगितलं, की त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडे.

काकूंचं उलटं होतं. तीस वर्षं त्या नवऱ्यानं आखलेल्या वाटांनी वल्हवत होत्या आणि संध्याकाळी घरी येऊन चुका सांगत होत्या. "तुमच्या तिसऱ्या वळणावर बसायला म्हणून दगड दाखवलाय ना, त्यावर एक बगळा बसतो. तो काही उठत नाही."

या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी एकटीनं वल्हवायला बंदी केली. दोन माणसांच्या बोटीत, दुसऱ्या माणसानं अर्धा भार उचलला तर चालेल; नाहीतर आता पुरे.

"तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी..." काकांनी सुचवलं.

"मैत्रिणींचे गुडघे बघितलेत? बोटीत बसवायला दोघी आणि उठवायला चौघी लागतील. तुम्ही चला."

"मला काय येतंय?"

"वल्हं पाण्यात घालायचं आणि बाहेर काढायचं. जन्मभर पुस्तकं काढलीत आणि ठेवलीत, तसंच. नाही जमलं तर बोट क्लबाला देऊन टाकू."

हे शेवटचं वाक्य त्या भांडी आवरता आवरता, पाठमोऱ्या बोलल्या. काका त्या रात्री बराच वेळ छताकडे बघत पडले. काकूंना पाण्यावरून उठवायचं की नाही, हे आता त्यांच्या दोन हातांवर होतं, आणि आपल्या हातांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आखणीवर मात्र होता. दोन महिने क्लबाच्या उथळ कोपऱ्यात सराव करून झाल्यावर त्यांनी दोघांसाठी तीन तलावांची वाट काढली. पहिला तलाव संपला की दगडी बांध; तिथे बोट दोनचाकी गाड्यावर चढवून दोनशे पावलं ओढायची. मधल्या तलावाच्या टोकाला पाण्याचा दरवाजा, तिथेही तसंच. दरवाजाखाली चिंचोळी. दोन्ही बाजूंना उभा कातळ आणि मधून दोन बोटी शेजारी मावणार नाहीत एवढी अरुंद धार. अर्ध्या तासाचा रस्ता, आणि चढून जायला कुठेही जागा नाही. पलीकडे धाकटा तलाव, तिथल्या धक्क्यावर क्लबाचा टेम्पोवाला न्यायला येणार. दिवसातून एकदा दरवाजा आपोआप उघडतो, भोंगा वाजतो आणि पाव तास चिंचोळीतून पाणी उसळत जातं. तेवढ्या वेळात आत असायचं नाही.

दरवाजा एक वाजता उघडतो. काकांनी कागदावर वेळा मांडल्या. निघणं आठ. बांध साडेनऊ. दरवाजा साडेअकरा. चिंचोळीत उतरणं पावणेबारा. सव्वाबाराला बाहेर, म्हणजे पाऊण तास हाताशी. प्रत्येक वेळेखाली दोन रेघा. वाचनालयातली जुनी सवय.

ठरल्या सकाळी आठाला पाच मिनिटं कमी असताना दोघं धक्क्यावर होती. काकूंनी खांद्याला मलम चोळलं होतं. कापराचा उग्र वास हवेत दरवळत होता. डोक्यावर त्यांची जुनी कापडी टोपी, कड उसवली तिथे हिरव्या दोऱ्यानं शिवलेली. पांढरा दोरा हाताशी नव्हता म्हणून.

काका बोटीत एक पाय टाकून थांबले.

"काय झालं?"

"घराचं कुलूप नीट लागलंय का?"

"अहो, तुम्ही तीनदा ओढून बघितलंत. तिसऱ्यांदा तर मलाही ओढायला लावलंत."

"हो. पण एकदा..."

घर टेकडीवर, जायला वीस मिनिटं, यायला वीस. काकूंनी कपाळावर हात मारला. "जा बाई, जा! नाहीतर दिवसभर तुम्ही बोटीत आणि जीव कुलपात."

कुलूप होतं तसंच होतं. काका ओशाळवाणे होऊन परतले तेव्हा काकू शेडमागच्या नळावर बाटली भरत होत्या. धक्क्यावर कोणी नव्हतं. वारा पडलेला, सगळा तलाव आरशासारखा. फक्त धक्क्याच्या खांबांशी छोट्या लाटा येऊन लागत होत्या, बोट नुकतीच सुटल्यावर लागतात तशा. त्यांची स्वतःची बोट दोरीला बांधलेलीच होती. काकांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. आठ चाळीस झाले होते.

पाण्यावर गेल्यावर त्यांना नवल वाटलं ते आपल्याला भीती वाटत नाही याचं. ते पुढे, काकू मागे.

"दिशा मी देते," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं मागूनच हाकलंय तुम्हाला."

वल्ह्यावरून थेंब ओघळत. तळातली शेवाळं एका बाजूला कललेली दिसत. नकाशावर निळ्या रंगात बोटाची दीड पेरं भरणारी खाडी इथे वळून, सावलीत, थंड वास घेऊन उभी होती. तिसऱ्या वळणावरच्या दगडावर खरंच बगळा होता, आणि तो उठला नाही.

"सांगितलं होतं ना?"

काका मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं की स्वतःच दचकले.

दहा वाजून दहा मिनिटांनी ते बांधाला लागले. बोट ओढायच्या प्रत्येक जागी क्लबानं खांबावर पत्र्याची पेटी ठोकली होती, पेटीत वही. वेळ, माणसं किती, सगळं ठीक की नाही, एवढं लिहून पुढे जायचं. उद्या कोणी हरवलं तर कुठपर्यंत पोचलं होतं ते कळावं. काकांनी पेन काढलं, वही उघडली आणि तशीच धरून राहिले.

"लिहा की. निबंध नाही लिहायचा."

त्यांनी वही पुढे केली. शेवटची नोंद आजच्या तारखेची होती. साडेनऊ. माणसं दोन, बोट एक. सगळं ठीक. वेळेखाली दोन रेघा. नऊची शेपटी खाली वळवून परत वर घेतलेली, जशी जगात फक्त कागदीकाका घेत.

काकूंनी वाचलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "काल येऊन लिहून गेलात की काय? एवढी पूर्वतयारी?"

"मी काल दिवसभर घरी होतो. तुझ्यासमोर."

"मग क्लबातल्या कुणाची तरी मस्करी. तुमच्या अक्षराची नक्कल सगळेच करतात."

ते खरं होतं. काकांनी खाली आपली नोंद केली. वही मिटताना पानांतून कापराचा वास आला. तो काकूंच्या हाताचा असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, काकूंनी वहीला हात लावलाच नव्हता.

मधला तलाव मोठा आणि मोकळा होता. त्यांनी वल्हवता वल्हवता उकडलेली अंडी खाल्ली, थर्मासमधला चहा घेतला. काकू खांद्याबद्दल एकदाही बोलल्या नाहीत, उलट गुणगुणत होत्या. पुढे, खूप दूर, पाण्यावर एक काळा ठिपका हलताना काकांना दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी लुकलुकत होतं, वल्ह्यांवर ऊन पडल्यासारखं. डावं, उजवं, डावं, उजवं. काकांनी नकळत त्या तालात वल्हं मारायला सुरुवात केली, आणि तो ताल त्यांचाच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग ठिपका काठाच्या सावलीत शिरला.

दरवाजा दहा मिनिटांवर असताना भोंगा वाजला.

काकांनी घड्याळ पाहिलं. बरोबर बारा.

"एक वाजता ना?" काकूंनी विचारलं.

काकांचे हात थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर घरातली फाईल आली. दरवाज्याच्या वेळांचं पत्रक दर वर्षी निघतं, दर वर्षी त्याच फिकट पिवळ्या कागदावर. जुनं पत्रक ते कधी टाकत नसत. नव्याच्या मागे जुनं लावत, नीट, ओळीनं. या खेपेला वेळ उतरवताना वर कुठलं होतं?

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी मागच्या वर्षीचं पत्रक बघितलं."

काकूंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "आपण वेळेवर निघालो असतो तर आत्ता कुठे असतो?"

काकांना कागद काढायची गरज पडली नाही.

"चिंचोळीच्या मध्यावर."

पुढचं पाणी गर्जत होतं. ते दरवाज्यापाशी पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खालच्या कातळातून धूर निघावा तसे तुषार वर येत होते.

पेटीतली वही काकूंनी उघडली.

साडेअकरा. माणसं दोन, बोट एक. सगळं ठीक. चिंचोळीत उतरत आहोत.

दोघांनी कठड्यावरून हाका मारल्या. आधी "अहो, कोणी आहे का?" अशा. मग नुसत्याच. काकांचा आवाज फाटला. कातळानं प्रत्येक हाक परत दिली. फोनला रेंज नव्हती.

सव्वाबाराला दरवाजा मिटला. पाणी उतरायला आणखी अर्धा तास गेला. काकूंनी बोटीच्या कडेवर हात ठेवला. "खाली जाऊन बघावंच लागेल. कोणी अडकलं असेल."

"तुझा खांदा?"

"खांद्याचं नंतर बघू. बसा."

आत गार होतं. कातळ डोक्याच्या वर हातभर ओला होता.

कपारींतलं गवत एकाच दिशेला झोपलेलं.

कोणी दिसलं नाही. बोट नाही, वल्हं नाही.

मध्यावर आल्यावर काकांना कापराचा वास आला. काकू मागे होत्या. वारा समोरून येत होता.

"आला?" काकूंनी हळूच विचारलं.

"आला."

दोघांनी वल्ही पाण्यात घातली. डावं, उजवं, डावं, उजवं.

धाकट्या तलावात ऊन होतं. धक्क्याच्या पेटीतल्या वहीत शेवटची नोंद परवाची होती. काकांनी पानं पुढे चाळली, मागे चाळली. मग त्यांची आणि काकूंची नोंद केली. वेळेत नऊचा आकडा कुठे आला नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

टेम्पोवाला धावत आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं लगेच क्लबात फोन लावला. बाकी एकूण एक बोट मांडणीवर होती. "आज आडवार, काका. पाण्यात तुमचीच एक बोट आहे. दुसरं कोणी गेलंच नाही."

मग तो काकूंकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं.

"काकू, तुमची टोपी तर डोक्यावरच आहे!"

"मग कुठे असायची?"

"नाही, अर्ध्या तासापूर्वी इथे धक्क्याला वाहत आली. मी म्हटलं, काकूंची टोपी गेली, आता काकांचं काही खरं नाही. वाळत घातलीय."

टेम्पोच्या आरशाला ती अडकवलेली होती. अजून ठिबकत होती. काकूंनी जवळ जाऊन कड पाहिली. हिरवा दोरा होता. शेवटची गाठ त्या नेहमी दोनदा मारत. तीही दोनदा मारलेली होती. त्यांनी हात लावला नाही.

"माझी नाही," त्या म्हणाल्या.

वाटेत टेम्पोत त्यांनी काकांचा हात धरून ठेवला आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "छान वल्हवलंत. बोट नाही देत मी कुणाला."

त्याला आता दोन वर्षं होतील. काकांनी जुनी पत्रकं जाळली नाहीत, पण वेगळ्या कपाटात ठेवली. महिन्यातून एकदा दोघं पाण्यावर जातात. काकूंचा खांदा बरा आहे, काकांच्या तळहातांना घट्टे पडलेत, आणि ते घट्टे ते पाहुण्यांना दाखवतात. क्लबात अजून त्यांना कागदीकाका म्हणतात, फक्त आता तसं म्हणणाऱ्याला काकू रागावतात.

एक गोष्ट बदलली. बोटीत पाय टाकायच्या आधी काकू आपणहून म्हणतात, "अहो, कुलूप एकदा बघून या."

ते टेकडी चढून जातात, कुलूप ओढून बघतात, परत येतात. परवाही आले. वारा नव्हता. काकू धक्क्याच्या टोकाला मांडीवर टोपी घेऊन बसल्या होत्या आणि लांब, खाडीच्या वळणाकडे बघत होत्या. खांबांशी छोट्या लाटा लागत होत्या.

"गेली ती दोघं," त्या म्हणाल्या, आणि टोपी डोक्यावर चढवली. "चला, आता आपण निघू."