बिनघड्याळाची कार्ट्रिज

मालवणात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "आपोआप बंद पडला," की मी आधी चार्जिंगच्या भोकातली वाळू काढते.

त्या दुपारी सर्वेश हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम घेऊन आला. माझ्या भावाचा, मितेशचा होडीवरचा जोडीदार. गेल्या वर्षी होडी उलटून मितेश गेला. सापडला तेव्हा मनगटावरचं घड्याळ चार वीसला थांबलेलं. "मी आधीच जेटीर उतारलंय," असं सर्वेशने ग्रामदेव रवळनाथासमोर, सगळ्या गावादेखत शपथेवर सांगितलं होतं. मला ते कधीच पटलं नाही. त्याचं तोंड बघितलं तरी डोकं सणकतं.

"दीपिका, माका कार्ट्रिज होयी. एकीत शंभर गेम मावतले अशी."

गेमच्या खाचेत बसवायच्या, चिपवाल्या दोन नव्या कार्ट्रिज मी पुढ्यात ठेवल्या. "ही घड्याळवाली, गेममधली वेळ सांभाळता. ही बिनघड्याळाची, स्वस्त. खंयची देऊ?"

"घड्याळ कित्याक होया माका?"

गेमची बॅटरी फुगली होती. ती काढून डबीत टाकली आणि गेम थेट चार्जरच्या वायरीवर चालू केला. बिनघड्याळाची कोरी कार्ट्रिज पाकिटातून काढली, तिच्यात मासेमारीचा गेम भरला आणि सुरू केला. पडद्यावर अर्धवट खेळलेला एक डाव आधीच होता.

पहिला खेळाडू: मितेश. दुसरा खेळाडू: सर्वेश. वेळ: ४:२०.

हिच्यात घड्याळच नाही, तर वेळ आली कुठून? डाव पुसला. परत आला. घड्याळवाली लावून पाहिली. तिच्यातही तोच.

"पूस गो ता!" सर्वेश घामाघूम झाला होता.

"तू होडयेत हुतस?"

"लाईफ जाकीट एकच हुता," तो म्हणाला. "मी तेच्या अंगातला ओढून घेतलंय."

वर्षभर हा माणूस आमच्या पडवीत बसून माझ्या आईच्या हातचा चहा पीत होता!

"पुसूचंय नाय," मी म्हटलं. "खेळ."

मी डाव पुढे चालू केला.

त्याने गेम दोन्ही हातांत धरला. नजर पडद्यावरून हलेना. तसाच उठला आणि चालू लागला. घराकडे नव्हे, जेटीकडे.

मी हाक मारली नाही.

गेमचं संगीत लांबपर्यंत ऐकू येत होतं. निसटलेली वायर माझ्या काउंटरवर लोंबत होती. बॅटरी डबीत होती.