वीसपैकी शून्य

वाचनालयात संगणक दोन, त्यातला एक कायमचा आजारी, आणि मंगळवारी एकच्या ठोक्याला दुसऱ्यासमोर दोन माणसं उभी! एक समोरच्या दुकानातली चष्मेवाली, डबा अर्धाच खाऊन धावत आलेली. दुसरा निळ्या गणवेशातला, खिशात पक्कड खोचलेला लिफ्टवाला. ग्रंथपालबाईंनी गफलतीनं एकच तास दोघांना देऊन टाकला होता.

“दोघांचा विषय एकच असेल तर बसा एकत्र,” बाई म्हणाल्या. “तुझा काय गं?”

“भूगर्भशास्त्र.”

“आणि तुमचा?”

लिफ्टवाल्यानं हातातली वही हळूच पाठीमागे नेली, एकदा चष्मेवालीकडे पाहिलं... “माझाही तोच की!”

वहीवर मधमाशीचं चित्र होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवणाऱ्या मुलीच्या नजरेतून ते कसं सुटणार? खुर्ची सरकवत ती म्हणाली, “मधमाश्या खडकात राहतात वाटतं?”

“काही काही राहतात,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

एका तारेला दोन फाटे काढून त्यांनी दोन हेडफोन लावले. वर्ग फुकटचे होते. नाव नोंदवायचं, दूरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना ऐकायचं आणि शेवटी वीस प्रश्नांची चाचणी द्यायची. पंधरा बरोबर आले की विषय संपला, नाही आले तर आठवड्यानं पुन्हा बसायचं. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं होतं, पण शिकायची भूक सुटली नव्हती. त्यात शेजारी कुणी ‘हे थर म्हणजे जमिनीचे मजलेच की, लिफ्ट कुठंय?’ असं कानात पुटपुटणारं असेल तर तास कसा जातो ते कळतच नाही.

खडक सहा आठवड्यांत संपले. दोघं हसत हसत पास झाले... आणि पुढच्या मंगळवारी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विषय संपला तर यायचं निमित्त काय? तीन मंगळवार ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. प्राध्यापक मेंदूबद्दल जीव तोडून सांगत होते आणि हिचं चित्त दाराकडे!

“खडकांनंतर मेंदू, मेंदूनंतर काय?” घरी वहिनीनं चिडवलं. “आणि वन्सं, शिकून माणूस हुशार होतो म्हणतात. तुम्ही भाजीत दोनदा मीठ घातलंत.”

चौथ्या मंगळवारी तो दारात उभा. “तुम्ही मेंदू घेतलाय असं बाईंकडून कळलं. म्हटलं, आपल्यालाही थोडा लागतोच.”

त्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं. हा विषय संपू द्यायचा नाही.

चाचणी आली. “तिकडे बघ हं, कॉपी नको!” म्हणत तिनं एकेक बरोबर उत्तर ओळखलं आणि दोन सोडून बाकी सगळीकडे नेमक्या त्याच्या शेजारच्या गोलावर खूण केली.

“किती?” त्यानं विचारलं.

“चौदा,” तिनं ठोकून दिलं. “एका गुणानं गेली. तुझे?”

“तेरा.” त्यानं निकालाच्या छापील चिठ्ठीची घडी करून ‘कचऱ्यात टाका’ म्हणत बाईंच्या टेबलावर सारली. “पुढच्या मंगळवारी पुन्हा...?”

“पुन्हा!”

असे सात मंगळवार गेले. सात वेळा दोघं नापास झाले आणि सातही वेळा जिना उतरताना गाणं गुणगुणत होते. पण बोलायचं ते कुणीच बोलत नव्हतं. तिला वाटायचं, हा बिचारा खरंच अडकलाय मेंदूत. आपल्यासाठी थोडाच येतो?

आठव्या मंगळवारी तो धावतच वर आला. “कंपनी दुसऱ्या गावी पाठवतेय. मोठं इस्पितळ आहे, लिफ्ट बसवायच्यात. वर्षभर तरी... आत्ताच निघायचंय, गाडी खाली उभी आहे.”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच. हेडफोनची तार उगाच सोडवत राहिली.

तो जिना उतरून गेला.

ग्रंथपालबाईंनी खण उघडला आणि सात घड्या तिच्यापुढे ठेवल्या. “त्याचा कचरा. तुझ्यासारखी सुज्ञ माणसंच असला कचरा नीट टाकतात.”

तिनं एक घडी उलगडली. वीसपैकी शून्य. दुसरी उलगडली, शून्य. तिसरी... सातही शून्य!

तिनं हिशेब केला. चार गोलांतला एक निवडायचा. डोळे मिटून खुणा केल्या तरी चार-पाच बरोबर येतात. वीसच्या वीस चुकवायचे तर वीसच्या वीस उत्तरं यावी लागतात. हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार!

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. बाहेर भुरभुर पाऊस होता. कंपनीच्या गाडीत तो हत्यारांची पेटी चढवत होता.

“अरे, शून्य?” ती धापा टाकत म्हणाली. “सातही वेळा शून्य? एखादं तरी बरोबर द्यायचं ना, वेड्या! मी दर वेळी दोन देत होते, संशय नको म्हणून.”

पेटी त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. “म्हणजे तूसुद्धा...?”

“मीसुद्धा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू का नाही बोललास? मुलीनंच बोलायचं असतं का सगळं?”

“आवडतेस मला,” तो म्हणाला. “खडकांपासून.”

चालकानं भोंगा वाजवला. तिनं त्याच्या बाहीवरचे पावसाचे थेंब झटकले, आणि मग तो हात तिथेच राहिला... गाडी हलेपर्यंत.

आता दर मंगळवारी एक वाजता ती वाचनालयात बसते. शेजारच्या खुर्चीवर बाई कुणाला टेकू देत नाहीत. त्याच वेळी तो तिकडे अर्धवट बांधलेल्या इस्पितळाच्या पायरीवर फोन घेऊन बसतो. विषय मधमाश्या. पहिल्या दिवशी त्यानं तिच्यासाठी सोडलेला.

सहाव्या आठवड्यात चाचणी झाली. लगेच त्याचा फोन.

“किती?”

“वीस. तुझे?”

“वीस.”

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी हातोड्याचे ठोके.

“मग... आता कुठला विषय घ्यायचा?” त्यानं विचारलं.

तिनं शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. “विषय राहू दे. रविवारी तू ये.”