सोमवारचं वजन

सातारा स्टँडवर एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांचं खोकं छातीशी धरून राही कशीबशी आत घुसली, आणि समोर एक भलीमोठी पाठ आडवी आली.

"बसा की बाई," पाठ वळून बोलली. जागेवरून उठून उभा राहिलेला तो एक दांडगा तरुण होता.

"आणि तुम्ही?"

"मी बसलो तर दोघांची जागा जातीया. कंडक्टर मघापास्नं डोळं वटारतोय."

राहीला हसू फुटलं. ती बसली आणि तिनं वर पाहिलं... अगं बाई, गडी तर रडवेला झालेला! विशी नुकतीच ओलांडलेली, गाल गुबगुबीत, शर्टाची दोन बटणं उघडी, आणि छातीवर जांभळ्या शाईनं लिहिलेला आकडा. साताऱ्यात त्या दिवशी मिलिटरीची भरती होती. पोरांच्या छातीवर नंबर घालून त्यांना पळवतात, मोजतात, तोलतात, हे राहीलाही माहीत होतं.

"घेतलं नाही?" तिनं हळूच विचारलं.

"पंधरा किलो जास्त हाय म्हनं." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "साहेब म्हनला, लग्नाचं जेवायला आलायस का भरतीला? सगळी पोरं हसली. चार महिन्यांनी परत भरती हाय. त्यात जमलं न्हाई तर वय निघून गेलं... मग संपलंच."

तो सयाजी. गाव विचारलं तर तेच निघालं, जिथल्या सरकारी दवाखान्यात राही दोन महिन्यांपूर्वी नर्स म्हणून आली होती. सांगलीत विश्रामबागेत वाढलेली मुलगी. या डोंगराकडेच्या गावात तिचा जीव अजून रमला नव्हता.

"दर सोमवारी दवाखान्यात या," ती म्हणाली. "माझ्याकडं वजनकाटा आहे. बघू कसे घेत नाहीत ते!"

असं बोलून गेली खरी. का बोलली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

सोमवारी सयाजी आला. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसा काट्यावर चढला.

"मान वर. समोर बघा," राहीनं दटावलं. "खाली वाकलात की काटा हलतो. आकडा मी सांगेन."

"समोर तर तुमीच हाय."

"मग माझ्याकडं बघा!" ती बोलून बसली, आणि कानापर्यंत लाल झाली. सयाजी मात्र इमानेइतबारे बघत राहिला. पंच्याऐंशी. पुढच्या सोमवारी शहाऐंशी!

"खाता तरी काय तुम्ही?"

"काय न्हाई. सकाळी दोन शेर म्हशीचं दूध. बदाम. तूप... आईचा खुराक."

राहीनं कपाळाला हात लावला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सयाजी तालमीतला गडी. दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत, सगळ्या गावादेखत, दोन मिनिटांत चितपट झाला. त्यानंतर तालमीची पायरी चढला नाही. कुस्ती सुटली, पण खुराक काही सुटला नाही. आई पेला घेऊन समोर उभी राहायची, नको म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"मरायची भीती वाटत न्हाई बाई," तो काट्यावरून उतरत म्हणाला. "परत माघारी धाडतील, परत सगळी हसतील, ह्याचीच लय भीती. कवाकवा वाटतं, जावंच कशाला?"

"मग नका जाऊ."

"आन् मग? जलमभर हितंच, ह्यो घेर घेऊन?"

त्या दिवसापासून सयाजी पहाटे डोंगरावर पळायला लागला. आईचं दूध गुपचूप कुत्र्याला घालायला लागला. आता दवाखान्यात आल्यावर कुत्र्याच्या तब्येतीचीही चौकशी व्हायची.

"कसा आहे तुमचा वाघ्या?"

"त्यो आता भरतीत बसायचा न्हाई."

राही हसता हसता खुर्चीत कोसळायची. सोमवार उजाडला की तिचा हात आपोआप चांगल्या पातळाकडं जायचा. सयाजी कधी बोरं आणायचा, कधी हुरडा... "मला चालत न्हाई, तुमी खावा," म्हणून समोर बसून ती खाताना टक लावून बघायचा. ऐंशी झालं, अठ्ठ्याहत्तर झालं, पंच्याहत्तर झालं. गालांखालून एक देखणा चेहरा वर येत होता. आणि राहीच्या लक्षात येत होतं, की उतरणारा प्रत्येक किलो त्याला तिच्यापासून लांब नेतोय. आपणच त्याला निरोपाच्या वाटेला लावलंय! किती वेडी गं मी, असं ती स्वतःलाच म्हणायची.

भरतीला तीन आठवडे उरले होते, तेव्हा एका दुपारी सयाजीची आई दवाखान्यात आली. अंबूबाई. नऊवारीचा पदर घट्ट, चेहरा त्याहून घट्ट.

"त्याचं वजन तूच उतरीवतीस व्हय?"

"अहो मावशी, त्यालाच हवंय. तुम्ही एवढं दूधतूप घालता, पण आता तो कुस्ती कुठं खेळतो?"

"मला कळत न्हाई व्हय गं?" अंबूबाई एकदम खाली बसली. "माझा थोरला, मानसिंग, शेलाटा हुता बघ. भरतीला गेला, साहेबानं एका नजरंत उचलला. येकात्तरच्या लढाईत गेला. तार आली, मग ट्रंक आली. ट्रंकेत त्याची घडी घातलेली कापडं..." तिनं पदर आवळला. "ह्याला मी मुद्दाम खायला घालतीया. जाडा असला तर न्हेणार न्हाईत. हसूं देत की लोकं! हसल्यानं कुणी मरत न्हाई."

राही तिच्या शेजारी खाली बसली. आईचं प्रेम कुठल्या थराला गेलं होतं! पोराची चेष्टा होतेय हे बघत, कुढत, ती माऊली रोज पेला भरत होती.

"तूच सांग त्याला न्हाई जमत म्हनून. तुझं ऐकतोय त्यो," अंबूबाईनं तिचा हात धरला. "तुलाबी त्यो जायाला नकोच हाय. मी आई हाय, मला दिसतंया."

पुढच्या सोमवारी सयाजी काट्यावर चढला. मान वर, नजर तिच्यावर. काटा त्र्याहत्तरवर थांबला होता.

"शहात्तर," राही म्हणाली.

"आँ? वाढलं?"

"वाढलं."

त्याचा चेहरा पडला. राहीनं नजर चुकवून त्याला काट्यावरून उतरवलं. आईसाठी करतेय, असं मनाला सांगत राहिली... पण ते अर्धंच खरं होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. पुढच्या सोमवारी तिनं पुन्हा शहात्तरच सांगितलं. सयाजी चपला हातात घेऊन निघून गेला.

गुरुवारी सकाळी त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं, पाण्याचाही एखादाच घोट घेतलेला. डोंगरावर पळता पळता कोसळला होता. ओठ फुटलेले, कपाळावर खोक. राहीनं जखम पुसली, साखरपाणी चमच्यानं पाजलं. डोळे उघडल्यावर तो पहिल्यांदा काय म्हणाला असेल?

"आज किती भरतंय बघता का, बाई?"

आणि राहीचा बांध फुटला.

"सत्तर असेल. त्याहूनही कमी असेल! सयाजीराव, मी खोटं सांगितलं. दोन्ही वेळा. शहात्तर नव्हतंच कधी..."

"का?"

"तुमच्या आईनं हात धरला. आणि... आणि मलाही तुम्ही जायला नको होतात. माझा जीव जडलाय तुमच्यावर. झालं समाधान?"

किती दिवस ती हे सांगायची स्वप्नं बघत होती! पण असं रडत, गुन्हा कबूल करत सांगावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"आईचं मला ठावं हाय," सयाजी आढ्याकडं बघत म्हणाला. "पहिल्यापास्नं. म्हनून तर दूध कुत्र्याला घातलं, तिच्या तोंडावर नको म्हनलो न्हाई. पर तुमीबी? आईनं माझ्या पोटात घातलं, बाई. तुमी मनात घातलंत. दोन आठवडं मला वाटत हुतं, आपल्यात काय दमच न्हाई. जत्रंत पडलो तवा वाटलं हुतं ना, अगदी तसं."

"मला माफ करा."

"करीन. पर आज न्हाई हुनार." त्यानं तोंड फिरवलं. मग तसाच भिंतीकडं बघत, हलक्या आवाजात म्हणाला, "माझाबी जडलाय... येष्टीतच. सोमवारी मी वजन करायलाच येत हुतो व्हय?"

भरतीत सयाजी पास झाला. त्या आधी राहीनं त्याला चार दिवस मऊ भात आणि ताक घालून उभं केलं होतं. वजन एकदाही केलं नाही, त्यानं विचारलंही नाही. घरी जाऊन मात्र तो आईपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तू मला लय जपलंस. आता जाऊं दे." अंबूबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिनं त्याच्या ट्रंकेत कपडे भरले.

जायच्या दिवशी सगळा गाव एसटीच्या थांब्यावर जमला. राही कडेला उभी होती. नर्स म्हणून आले आहे, असं तोंड करून. सयाजीनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, मग राहीजवळ आला. शर्ट आता अंगावर ढगळ व्हायला लागला होता.

"मी वाट बघू?" राहीनं विचारलं.

"बघा म्हनायचं धाडस व्हत न्हाई. मानसिंगदादाची वाट बघून आमच्या आईचं काय झालं, ते बघताय की."

"मी परवानगी मागत नाही."

तो हसला. पहिल्यांदाच, ती भानगड झाल्यापासून. काहीतरी बोलणार होता... पण कंडक्टरनं घंटी मारली. एसटी हलली, वळणावर गेली, धूळ तेवढी मागं राहिली. राहीनं रडू दाबायला पदर तोंडाशी नेला, तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट पकडलं.

अंबूबाई होती. डोळे कोरडे ठणठणीत, ओठ घट्ट मिटलेले.

"हितं न्हाई," ती हलकेच म्हणाली. "आमच्या गावात जवानाच्या घरच्या बायका थांब्यावर रडत न्हाईत. घरला चल."

घरच्या. राहीनं तिच्याकडं पाहिलं, पण अंबूबाई पुढं चालायलाही लागली होती. दोघी भरल्या बाजारातून मान वर करून गेल्या. घरात शिरल्या, दाराला आतून कडी लावली, आणि मग एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.