फाईलच्या नावाशेजारचा ठिपका

सुधारलेलं पान जुनंच कसं दिसतं? मुरवंडी बंदराच्या कचेरीत बसलेल्या जुईलीला याचं उत्तर पाऊण तासात शोधायचं होतं.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा सरकला होता. बंदर सांभाळणाऱ्या आबांनी खोली मोजून सांगितलं होतं, "उत्तरेची वाट बुजली. पानावर दक्षिण लाव." २०६८ साली होडीचं सुकाणू बंदराचं वेबपान वाचून आपोआप वळायचं; हाताने फिरवायची सुकाणू कधीच मोडीत निघाली होती. पानावर 'उत्तर' राहिलं, तर पाऊण तासात परतणाऱ्या होड्या वाळूत रुतणार. पहिल्याच होडीवर जुईलीची आई होती.

महिन्यापूर्वीपर्यंत हे पान शहरातली एक कंपनी सांभाळायची. यंत्रापाशी नुसतं बोललं की पान बदलायचं. मग एवढंसं बंदर कंपनीला नकोसं झालं आणि पान कचेरीतल्या यंत्रावर आलं. वर त्यांचा साहेब फोनवर म्हणाला, "तुमच्यात कोड लिहिणारं आहे कोण?" म्हणजे मासे धरणाऱ्यांनी मासेच धरावेत. कोड ही जणू त्याच्या बापाची जहागीर.

"आमची जुईली आहे," म्हणून आबांनी फोन ठेवला.

कोड एडिटर (वेबपानाच्या सूचना ज्यात टाइप करतात ती वही) जुईलीने उघडून आज जेमतेम आठ दिवस झाले होते. तिने 'उत्तर' खोडून 'दक्षिण' लिहिलं. ब्राउझरमध्ये (त्या सूचना वाचून पान दाखवणारी खिडकी) पाहिलं, तर 'उत्तर'. पुन्हा पाहिलं, पुन्हा 'उत्तर'. मग ती दिसेल ती ओळ बदलत सुटली. एडिटरमध्ये लाल नागमोडी रेघा उमटल्या.

"चांगला कोड मोडते आहेस," कुर्ली म्हणाली. इंजिनांच्या भंगारातून आबांनी बनवलेली ही आठ पायांची यंत्रखेकडी.

"मग तूच लिही."

"मला नांग्या आहेत, बोटं नाहीत. आणि आबांनी नाव तुझं सांगितलं होतं."

जुईली पुन्हा एडिटरकडे वळली. तिने एकेक बदल मागे घेतला, फक्त 'दक्षिण' ठेवलं.

"आता फाईलच्या नावाशेजारी बघ."

"पांढरा ठिपका आहे."

"कधीपासून?"

जुईलीने आठवून पाहिलं. "उघडली तेव्हा नव्हता. पहिलं अक्षर बदललं तेव्हा आला."

"तू लिहिलेलं आत्ता यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीत आहे. ब्राउझर वाचतो ते साठवणीतून (वीज गेली तरी टिकते ती जागा)."

"आणि साठवणीत जुनंच आहे!" जुईली ताठ बसली. "कंपनीचं यंत्र आपणहून साठवायचं. मला वाटलं, लिहिलं की झालं."

"होडी धक्क्याला लावली की झालं?"

"छे. दोर बांधायचा. मग ओढून बघायचा."

साठवण्यासाठी तिने कंट्रोल आणि एस ही बटणं एकदम दाबली. ठिपका गेला. दोर बांधून झाला. मग तिने ब्राउझरमध्ये पान नव्याने उघडलं. ते झालं दोर ओढून बघणं.

'दक्षिण'.

कचेरीच्या खिडकीतून तिने बाहेर पाहिलं. पहिली होडी दांड्यापाशी आली, वळली आणि दक्षिणेच्या वाटेने सरळ आत शिरली. मागोमाग सगळ्या.

संध्याकाळी शेजारच्या बंदरातून फोन आला. कंपनीने त्यांचंही पान सोडून दिलं होतं.

"बोला आमच्या कोडवाल्या बाईंशी," म्हणत आबांनी फोन जुईलीकडे दिला. आई जाळं झटकता झटकता थांबून ऐकू लागली.

"तुमच्याकडची कोणी मुलं असतील तर उद्या पाठवा," जुईली म्हणाली. "कोड नंतर. आधी ठिपका दाखवते."