शेंदूर लावलेलं कासव

"हात लावू नकोस रे," स्पृहा म्हणाली, पण तिचा मित्र राकेश आधीच वाळूत बसला होता. भरतीने दादर चौपाटीवर मेलेलं कासव टाकलं होतं. सुट्टी लागल्यापासूनचं हे दुसरं. मानेवर जाळ्याचे वळ होते आणि पाठीवर तेलात कालवलेल्या शेंदराचा टिळा.

"हा टिळा माझा रामजीमामा लावतो," राकेश हळूच म्हणाला. "जाळ्यात कासव आलं की देव समजून टिळा लावतो, नमस्कार करतो नि लगेच पाण्यात सोडतो. तो कशाला मारेल?"

कासव न्यायला आलेल्या प्राण्यांच्या डॉक्टर मीनाक्षी म्हणाल्या, "मारलं नाही, बुडालं. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकून ते बेशुद्ध पडतं. तसंच पाण्यात सोडलं की संपलं. मागची बाजू उंच करून सावलीत ठेवलं, तर छातीतलं पाणी गळून जातं. वाचू शकतं."

राकेशने मामाला सांगून पाहिलं.

"माका दर्या शिकवतंस काय रे?" मामा हसला.

दुसऱ्या दिवशी हट्ट करून दोघं वरळीला मामाच्या होडीत चढली. रात्रभर टाकून ठेवलेलं जाळं वर आलं, तेव्हा त्यात कासव होतं. डोळे अर्धवट मिटलेले. हलत नव्हतं.

मामाने हात जोडले. "शेंदराची डबी खंय गेली?"

चढतानाच स्पृहाने ती आपल्या पिशवीत टाकली होती. "दिसत नाही, मामा."

"टिळ्याशिवाय देवाक सोडूचां कसां?" मामा वैतागला. "चला, घराकडून आणूया."

त्याने होडी वळवली. राकेशने कासवाच्या मागच्या बाजूखाली दोरीचं वेटोळं सरकवलं, अंगावर ओलं फडकं टाकलं.

"मेलं असलं तर?" त्याने विचारलं.

"गप्प बस," स्पृहा म्हणाली.

किनारा दिसू लागला तरी ते तसंच पडून होतं. मग त्याच्या तोंडातून पाणी गळलं. पुढचा पाय हलला. फुस्स करून श्वास सुटला.

मामाने इंजिन बंद केलं.

स्पृहाने डबी पुढे केली. "मी लपवली होती."

मामा रागावला नाही. तो कासवाकडे बघत राहिला. "म्हणजे आधीची दोन..."



दुपारी कासव जोरात पाय मारू लागलं, तेव्हा तिघांनी त्याला खोल पाण्यात सोडलं.

"तुम्ही होतात म्हणान ह्यां जगलां," मामा म्हणाला आणि जाळं आवरू लागला. "आता रातभर टाकूचां नाय. घडीघडी उचलून बघूचां. झोप गेली तर जाऊंदे."

"आम्ही येऊ उचलायला," राकेश म्हणाला.

"तुझी आई सोडेल?" स्पृहाने विचारलं.

"सांग तिका," मामा म्हणाला, "मामाक गरज आसा."